एक्स८७०ई की झेड८९०: महाग मदरबोर्ड घेताना पैसे नेमके कशाचे मोजायचे?

मदरबोर्डसाठी ५० हजार रुपये किंवा त्याहून अधिक खर्च करायला निघालेल्या ग्राहकाला दुकानात सर्वांत आधी ऐकवली जाते ती वीजपुरवठ्याच्या फेजची, म्हणजे प्रोसेसरला वीज वाटून पुरवणाऱ्या टप्प्यांची, संख्या, त्यानंतर दाखवले जातात ते उष्णता शोषणारे जाडजूड पत्रे आणि त्यांवरचे दिवे. गेल्या काही महिन्यांत हा प्रश्न माझ्यापुढे दोनदा आला. घोडबंदर रस्त्यालगत राहणाऱ्या माझ्या पुतण्याला गेम खेळण्यासाठी संगणक बांधायचा होता, तर लग्नसमारंभांच्या चित्रीकरणाचे संपादन करणाऱ्या नेरूळच्या एका स्नेह्यांना जुना संगणक काढून नवा घ्यायचा होता. दोघांनीही विचारले एकच, की सर्वांत चांगला बोर्ड कोणता, एएमडीच्या प्रोसेसरसाठीचा एक्स८७०ई की इंटेलच्या प्रोसेसरसाठीचा झेड८९०. परंतु कागद-पेन्सिल घेऊन बसल्यावर दोघांची उत्तरे वेगवेगळी निघाली, आणि त्या दोन्ही उत्तरांत फेजच्या संख्येला जवळपास काहीच स्थान नव्हते.

फेजचा हिशेब आधीच संपवून टाकू. एएमडीच्या रायझन ९ ९९५०एक्स या प्रोसेसरला सॉकेटमधून, म्हणजे तो बसवायच्या खोबणीतून, मिळणाऱ्या विजेची मूळ मर्यादा २३० वॅट आहे. ही सगळी वीज कोअरलाच गेली आणि व्होल्टेज साधारण १.२ आहे असे धरले, तर प्रवाह १९० अँपिअरच्या आसपास येतो. असुसच्या क्रॉसहेअर एक्स८७०ई हीरो या बोर्डावर कोअरसाठी प्रत्येकी ११० अँपिअर क्षमतेचे १८ टप्पे आहेत, म्हणजे प्रत्येक टप्प्याच्या वाट्याला जेमतेम १०-११ अँपिअर, त्याच्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतके काम येते. असरॉकच्या एक्स८७०ई ताइचीवर तर असे २४ टप्पे आहेत. द्रवरूप नायट्रोजन ओतून विक्रम करणाऱ्यांना ते उपयोगी पडत असतील. आपल्याला १४ किंवा १६ पुरेसे आहेत. ठाण्याच्या उन्हाळ्याची काळजी मात्र रास्त आहे, कारण परीक्षणे बहुतेक वेळा २०-२५ अंशांच्या खोलीत होतात आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये वातानुकूलन नसलेली खोली सहज ३४-३५ अंशांवर असते. परीक्षणात दिलेल्या तापमानात १० अंश मिळवून वाचावेत. तसे वाचले तरी या किमतीच्या बोर्डांवर वीजपुरवठ्याचा भाग निश्चिंत राहतो. अडचण येते ती पीसीआय एक्स्प्रेस जोडणीच्या पाचव्या पिढीच्या एसएसडीची, म्हणजे वेगवान साठवणीची, कारण तापल्यावर वेग कमी करणारी वस्तू तीच आहे. त्यामुळे एसएसडी बसवायच्या पहिल्या एम.२ खाचेवरचा पत्रा किती मोठा आहे आणि ती खाच ग्राफिक्स कार्डाच्या गरम हवेखाली येते की वर राहते, हे पाहणे फेज मोजण्यापेक्षा अधिक मोलाचे आहे.

खरा फरक आहे तो लेनच्या वाटपात. प्रोसेसरमधून निघणाऱ्या पीसीआय एक्स्प्रेस लेन, म्हणजे माहिती वाहून नेणाऱ्या वाटा, ही मर्यादित शिदोरी असते आणि बोर्ड बनवणारी कंपनी ती कोणाला किती वाढायची एवढेच ठरवू शकते. बोर्ड कितीही महाग असला तरी शिदोरी वाढत नाही. एएमडीच्या एएम५ सॉकेटच्या रायझन ७००० आणि ९००० मालिकांत पाचव्या पिढीच्या २८ लेन आहेत, त्यांपैकी ४ चिपसेटला, म्हणजे बोर्डावरचे बाकीचे पोर्ट आणि खाचा सांभाळणाऱ्या चिपला, जोडण्यात जातात आणि २४ उरतात. १६ ग्राफिक्स कार्डाला आणि ४ पहिल्या एसएसडीला दिल्यावर शिल्लक राहतात ४. एक्स८७० आणि एक्स८७०ई या, २०२४ च्या सप्टेंबरअखेर बाजारात आलेल्या बोर्डांवर एएमडीने यूएसबी४ ही वेगवान बाह्य जोडणी बंधनकारक केली, त्यामुळे या उरलेल्या ४ लेन सहसा त्यासाठीच खर्ची पडतात. त्याआधीच्या, २०२२ च्या एक्स६७०ई बोर्डांवर ही सक्ती नव्हती आणि त्या ४ लेनवर थेट प्रोसेसरला जोडलेली दुसरी एसएसडी बसवता येत असे. चिपसेटचे सिलिकॉन एक्स८७०ई आणि एक्स६७०ई या दोन्हींत तेच आहे, एकाला एक जोडलेल्या दोन चिप. म्हणूनच ज्याच्याकडे यूएसबी४ ला जोडण्यासारखे काही नाही आणि ज्याला दोन वेगवान एसएसडी हव्या आहेत, त्याला दुकानदाराकडे शिल्लक राहिलेला चांगला एक्स६७०ई बोर्ड सवलतीत मिळाला, तर तो नव्या बोर्डापेक्षा सरस ठरू शकतो. दुकानदार हे आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

आता प्रत्यक्ष बोर्डांकडे वळू. क्रॉसहेअर हीरोवर पाच एम.२ खाचा आहेत, आणि जाहिरातीत त्यांपैकी तीन पाचव्या पिढीच्या असल्याचे ठळकपणे येते. मात्र त्या तिघींपैकी दोन खाचा ग्राफिक्स कार्डाच्याच लेन घेतात. त्यांपैकी एकीत जरी एसएसडी बसवली, तरी कार्ड १६ ऐवजी ८ लेनवर येते. गिगाबाइटच्या एक्स८७०ई ऑरस मास्टरची रचनाही याच वळणाची आहे. ताइचीने नेमका उलटा मार्ग धरला आहे: पाचव्या पिढीची एम.२ खाच एकच, बाकीच्या तीन चौथ्या पिढीच्या, परंतु कोणतीही भरली तरी ग्राफिक्स कार्डाच्या १६ लेनना हात लागत नाही. त्या विभागल्या जातात त्या दुसऱ्या लांब स्लॉटमध्ये दुसरे कार्ड बसवले तरच, आणि मग दोघांना समसमान ८-८ मिळतात. घरी दोन कार्डांवर कृत्रिम बुद्धिमत्तेची भाषा-प्रारूपे चालवून पाहणाऱ्यांसाठी ही समसमान विभागणी महत्त्वाची आहे. ताइचीची एकच मेख म्हणजे आकार. नेहमीचा एटीएक्स बोर्ड ३०५ बाय २४४ मिलिमीटर असतो आणि ताइची २६७ मिलिमीटर रुंद आहे. अनेक कॅबिनेटमध्ये तो बसतो खरा, पण केबल ओवण्याच्या बाजूच्या भोकांवर चढतो.

कार्ड ८ लेनवर आल्याने किती बिघडते, याबद्दल मात्र उगाच भीती घालण्यात अर्थ नाही. कार्ड पाचव्या पिढीचे, म्हणजे २०२५ मधल्या आरटीएक्स ५० मालिकेचे असेल, तर पाचव्या पिढीच्या ८ लेन या चौथ्या पिढीच्या १६ लेनइतक्याच रुंद आहेत आणि खेळांतला फरक एक-दोन टक्क्यांपलीकडे सहसा दिसत नाही. जुने आरटीएक्स ४० मालिकेतले कार्ड पुढे वापरायचे असेल, तर ते चौथ्या पिढीवरच चालते, म्हणून तेथे ८ लेन म्हणजे खरोखरच अर्धी रुंदी. पुतण्याकडे नेमके असेच कार्ड होते. त्याला एसएसडी दोनच हव्या होत्या. दुसरी चिपसेटच्या खाचेत बसवली की प्रश्नच उरत नव्हता.

चिपसेटच्या खाचांचे गणित समजायला ठाणेकरांना कोपरीचा जुना पूल आठवला तरी पुरे. दोन्हीकडे रुंद महामार्ग आणि मध्ये निमुळता पूल, अशीच एएमडीच्या चिपसेटची स्थिती आहे. त्याच्यामागे कितीही एसएसडी, यूएसबी आणि नेटवर्क पोर्ट लावले तरी प्रोसेसरकडे जाणारा रस्ता चौथ्या पिढीच्या वेगाने चालणाऱ्या ४ लेनचा, म्हणजे सेकंदाला सुमारे ८ गिगाबाइटचा आहे. चौथ्या पिढीची एकच चांगली एसएसडी ७ गिगाबाइटच्या वेगाने वाचते. अशा दोन एसएसडींवरून एकाच वेळी वाचायची वेळ आली, तर पुलावर कोंडी होणारच. खेळणाऱ्याच्या आयुष्यात असा प्रसंग क्वचितच येतो.

संपादन करणाऱ्याच्या आयुष्यात तो येऊ शकतो, आणि येथेच इंटेलच्या झेड८९० चा विचार गंभीरपणे करावा लागतो. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये कोअर अल्ट्रा २०० मालिकेबरोबर आलेल्या या व्यवस्थेत प्रोसेसरमधून पाचव्या पिढीच्या २० आणि चौथ्या पिढीच्या ४ लेन निघतात, म्हणजे कार्डाला पूर्ण १६ देऊनही दोन एसएसडी थेट प्रोसेसरला जोडता येतात. थंडरबोल्ट ४ या वेगवान बाह्य जोडणीची सोय प्रोसेसरमध्येच अंगभूत असल्यामुळे त्यासाठी कोणाच्याही लेन कापाव्या लागत नाहीत. शिवाय चिपसेटकडे जाणारा पूल चौथ्या पिढीच्या ८ लेनचा, एएमडीच्या दुप्पट रुंद आहे, आणि त्यापलीकडे चिपसेट स्वतःच्या २४ लेन पुरवतो. नुसता बोर्ड म्हणून पाहिले तर झेड८९० ची आखणी एक्स८७०ई पेक्षा सरळसरळ चांगली आहे, हे एएमडीचा वापरकर्ता असूनही मला मान्य करावे लागते. यात भर म्हणजे कॅमेऱ्यातून येणारे १० बिट ४:२:२ एचईव्हीसी (रंगांचा अधिक तपशील ठेवणाऱ्या, दाबलेल्या स्वरूपातले) चित्रीकरण इंटेलच्या अंगभूत ग्राफिक्समध्ये थेट उलगडते, जे आमच्या स्नेह्यांच्या रोजच्या कामाचे आहे.

तरीही बहुतेक हौशी मंडळी एएमडीकडे वळतात, त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे खेळांमध्ये रायझन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर कोअर अल्ट्रा ९ २८५के च्या स्पष्टपणे पुढे आहे. दुसरे सॉकेटच्या आयुष्याचे. इंटेलने २०२० मध्ये एलजीए १२००, २०२१ मध्ये एलजीए १७०० आणि २०२४ मध्ये एलजीए १८५१ आणला; एएमडीने एएम५ ला २०२७ पर्यंत आणि त्यापुढेही आधार देण्याचे जाहीर केले आहे, आणि २०२२ मध्ये घेतलेल्या बोर्डावर बायोस, म्हणजे बोर्डाचे मूळ सॉफ्टवेअर, अद्ययावत करून ९००० मालिकेचा प्रोसेसर आजही चालतो. महाग बोर्डाचे समर्थन करायचेच असेल तर ते याच मुद्द्यावर करता येते, की बोर्ड तोच ठेवून दोन प्रोसेसर वापरून होतील. ज्याला पाच-सहा वर्षे संगणक उघडायचाच नाही, त्याच्यासाठी हा मुद्दा शून्य किमतीचा आहे. एलजीए १७०० चे झेड७९० बोर्ड स्वस्तात दिसतील. तेराव्या-चौदाव्या पिढीच्या प्रोसेसरमधील अस्थिरतेवर इंटेलने २०२४ मध्ये मायक्रोकोडच्या, म्हणजे प्रोसेसरमधल्या अंतर्गत आज्ञावलीच्या, दुरुस्त्या दिल्या आणि वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली, परंतु आज नव्याने एवढा खर्च करताना संपलेल्या सॉकेटकडे जाण्याचे कारण मला दिसत नाही.

मेमरीच्या बाबतीत दोन्हींचे स्वभाव वेगळे आहेत. एएम५ वर डीडीआर५-६००० हा मेमरीचा वेग सर्वांत सुखाची जागा आहे. त्यापुढे फार वर गेले की मेमरी कंट्रोलर निम्म्या वेगाने चालू लागतो आणि मिळवलेले बरेचसे हातचे जाते. म्हणून एक्स८७०ई बोर्डाच्या खोक्यावर ८००० हून मोठा आकडा छापलेला असला तरी त्यासाठी जादा पैसे मोजू नयेत. झेड८९० वर सीयूडीआयएमएम प्रकारच्या, स्वतःची घड्याळ-चिप असलेल्या स्टिक वापरून त्या वेगांचा खरा लाभ घेता येतो. दोन्हीकडे चार स्टिक भरल्या की वेग उतरतो, आणि एएमडीकडे तर चार स्टिकसाठी अधिकृत वेग डीडीआर५-३६०० एवढाच आहे. जास्त मेमरी हवी असेल तर मोठ्या क्षमतेच्या दोनच स्टिक घ्याव्यात. २०२५ च्या अखेरीपासून डीडीआर५ च्या किमती ज्या प्रकारे चढल्या आहेत, त्या पाहता ७० हजारांच्या बोर्डाऐवजी ४० हजारांचा घेऊन उरलेले पैसे मेमरीत घालणे, हाच सल्ला मी स्नेह्यांना दिला आणि तो त्यांना फारसा आवडला नाही.

५ गिगाबिटचा नेटवर्क पोर्ट ताइची आणि हीरो दोन्हींवर आहे. घरचे ब्रॉडबँड १ गिगाबिटचे असेल तर त्याने काही साधत नाही. घरात नेटवर्कवरचा साठा असेल तरच साधते. वायफाय ७ ही दोन्हींवर आहे आणि राउटर त्याच पिढीचा नसेल तर तेही नुसतेच आहे. ध्वनीबद्दल बोलण्यासारखे फार नाही, कारण ज्याला कान आहेत तो बाहेरचा डॅक, म्हणजे ध्वनीचे रूपांतर करणारे वेगळे उपकरण, घेतोच.

याउलट दोन लहान सोयींसाठी मी स्वतः आनंदाने पैसे देईन. पहिली म्हणजे दोन अंकी संकेत दाखवणारा छोटा फलक. एएम५ वर पहिल्यांदा संगणक सुरू करताना मेमरीचे प्रशिक्षण, म्हणजे बोर्डाने तिच्याशी जुळवून घेणे, कित्येक मिनिटे चालते आणि पडदा काळाच राहतो. माझ्या पहिल्या बांधणीत, असा फलक नसलेल्या बोर्डावर, मी तीनदा सगळे उघडून पुन्हा जोडले आणि चौथ्या वेळी चहा करायला गेलो, तेव्हा तो आपोआप सुरू झालेला होता. दुसरी सोय म्हणजे प्रोसेसर नसतानाही पेनड्राइव्हवरून बायोस भरण्याचे बटण. पहिल्या पावसात वीज दोन सेकंद जाऊन येण्याचा अनुभव ठाण्यात आणि नवी मुंबईत नवा नाही, आणि बायोस भरताना ती गेली तर हेच बटण बोर्ड वाचवते. बायोस मात्र अद्ययावत करायलाच हवे: २०२३ मध्ये रायझन ७०००एक्स३डी प्रोसेसर जळण्याच्या घटनांनंतर एएमडीने एसओसी व्होल्टेजवर, म्हणजे प्रोसेसरमधल्या मेमरी कंट्रोलर वगैरे भागाच्या व्होल्टेजवर, १.३ व्होल्टची मर्यादा घातली ती बायोसमार्फतच, त्यामुळे जुन्या साठ्यातला बोर्ड घेतल्यास मेमरी जास्त वेगाने चालवणारी एक्स्पो सेटिंग सुरू करण्याआधी हे काम उरकावे.

अखेर पुतण्याने ९८००एक्स३डी सोबत मधल्या किमतीचा, एकाच चिपचा बी८५० बोर्ड घेतला, कारण त्याच्या यादीत एक कार्ड आणि दोन एसएसडी याशिवाय काहीच नव्हते आणि एक्स८७०ई ची दुसरी चिप रिकामीच बसली असती. स्नेह्यांनी झेड८९० घेतला, मात्र असुसचा वरच्या टोकाचा झेड८९० हीरो न घेता त्याच चिपसेटचा दोन पायऱ्या खालचा. दोन कार्डे लावणारे तिसरे कोणी विचारायला आले असते, तर त्यांना मी ताइची सांगितला असता, आणि कॅबिनेटचे माप घेऊनच दुकानात जा असेही.

खरेदी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडच्या संगणक बाजारात करणार असाल, तर ठाण्याहून दादर, तेथे गाडी बदलून ग्रँट रोड, असा प्रवास परतीला गर्दीत करावा लागतो, म्हणून बोर्डाची तपासणी दुकानाच्या टेबलावरच आटपावी. एएम५ असो वा एलजीए १८५१, पिना प्रोसेसरवर नसून बोर्डाच्या सॉकेटमध्ये आहेत आणि वाकलेली पिन वॉरंटीत सहसा बसत नाही. खोके दुकानदारासमोर उघडून सॉकेटवरचे झाकण उचलावे, मोबाइलच्या उजेडात पिनांच्या रांगा तिरक्या कोनातून पाहाव्यात, एक स्वच्छ छायाचित्र काढावे, बिलावरचा सिरियल क्रमांक बोर्डावरच्या क्रमांकाशी ताडून पाहावा आणि झाकण पुन्हा नीट बसवूनच खोके पिशवीत घालावे.