मॅकवर फ्रेमवर्कवालं पायथन: आठ महिन्यांच्या वापरानंतर

चोपड्याला आमच्या दाजींचा केळीचा व्यापार आहे, त्यांच्यासाठी मी डब्ल्यूएक्सपायथनमधे (पायथन या प्रोग्रामिंग भाषेत विंडो, बटणं बनवायची लायब्ररी) काटापावतीचं छोटं सॉफ्टवेअर बनवलंय, भरल्या गाडीचं वजन, रिकाम्या गाडीचं वजन, भाव, हमाली टाकली की पावती तयार. माझ्याकडे एम१ (ॲपलचा स्वतःचा प्रोसेसर) मॅकबुक एअर. पहिल्यांदा पायएन्व्हने (सोर्सकोडवरून पायथन बिल्ड करून, म्हणजे तयार करून, टाकणारं टूल) नेहमीसारखं पायथन टाकलं आणि प्रोग्राम चालवला तर विंडोच उघडेना, टर्मिनलमधे एवढंच आलं की स्क्रीन वापरायची तर फ्रेमवर्क बिल्ड पाहिजे. दाजी शेजारीच बसलेले, म्हणे "काय व्हयनं रे भो?" आणि मला काही सांगताच येईना.

नंतर कळलं ते असं, साधं बिल्ड म्हणजे नुसती एक फाइल, मॅक तिला ॲप धरतच नाही, मग मेनूबार, डॉक, कीबोर्डचा फोकस सगळं अडतं. फ्रेमवर्क बिल्डच्या पोटात पायथन.ॲप नावाचं खरं ॲप असतं आणि टर्मिनलमधून पायथन चालवलं तरी आतून तेच सुरू होतं. म्हणून कॉन्फिगरला (बिल्डच्या आधी सेटिंग ठरवणारी स्क्रिप्ट) --एनेबल-फ्रेमवर्क दिलं आणि परत बिल्ड केलं, बस. झालं की नाही हे बघायला सिसकॉन्फिगमधे (पायथनच्या बिल्डची माहिती देणारं मॉड्यूल) पायथनफ्रेमवर्क हे व्हेरिएबल विचारा, 'पायथन' असं उत्तर आलं तर ठीक, रिकामं आलं तर परत करा. टीकिंटर (पायथनसोबत येणारी विंडो बनवायची लायब्ररी) लागत असेल तर ती ज्यावर चालते ते टीसीएल-टीके ८.६ बिल्डच्या आधी टाका, मी नंतर टाकलं आणि सगळं दुसऱ्यांदा करावं लागलं. ऑप्टिमायझेशन (पायथन वेगवान करणारं, पण बिल्ड लांबवणारं सेटिंग) चालू ठेवून मे महिन्याच्या दुपारी बिल्ड लावू नका, एअरला फॅन नाही आणि आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहितीये, लॅपटॉपला हात लावायची सोय नव्हती.

तेव्हापासून आठ महिने रोज वापरतोय, व्हेन्व्हमधे (एका प्रोजेक्टपुरतं वेगळं ठेवलेलं पायथन) पण विंडो बरोबर उघडते, एकदाही अडलं नाही, मी मनापासून खूश आहे.

फक्त दुसऱ्याला ॲप द्यायचं तर हे बिल्ड वापरू नका. दाजींच्या गादीवर जुना इंटेल आयमॅक आहे, माझं बिल्ड फक्त एम१ पुरतं, तिथे ते उघडणारच नव्हतं. युनिव्हर्सल२ (इंटेल आणि एम१ दोन्हीवर चालणारं बिल्ड) करून बघितलं, पण होमब्रूच्या (मॅकवर सॉफ्टवेअर टाकायचं टूल) लायब्ररी एकाच प्रोसेसरच्या असतात, तिथेच लिंकिंग (लायब्ररी बिल्डला जोडणं) अडकलं, दोन रात्री गेल्या. शेवटी पायथन.ऑर्गचा तयार इन्स्टॉलर घेतला, तो फ्रेमवर्कही आहे आणि युनिव्हर्सल२ही, त्यावर पायटूॲपने (पायथन प्रोग्रामचं मॅक ॲप बनवणारं टूल) ॲप बांधलं. आता दाजी डॉकमधल्या आयकॉनवर क्लिक करून स्वतःच पावत्या काढतात, मला फोन येतो तो फक्त भावाचा रकाना वाढवायला.