१,९१५ डॉलर आणि हिरवा कापूस

माळेचे १,८५० डॉलर, विमा-टपालाचे ६५. एकूण १,९१५. आपले लाखभर रुपये. सासूबाईंना हा आकडा अजून सांगितलेला नाही, तुमच्यापैकी कुणी ओळखत असाल तर तुम्हीही सांगू नका.

आम्ही मेलबर्नला असतो. ईस्टरच्या सुट्टीत टास्मानियाला गेलो होतो. होबार्टच्या म्युझियममध्ये तिथल्या पलावा मूलनिवासी बायकांनी ओवलेल्या शंखांच्या माळा पाहिल्या आणि काचेपुढून हलवेना. मरीनर नावाचा इवलासा शंख, वरचं साल काढलं की आतून निळसर-हिरवी मोत्याची झाक. ओहोटीला पाण्यात उतरून शेवाळावरचे जिवंत शंख वेचायचे, कारण किनाऱ्यावर वाहून आलेल्यांची चकाकी गेलेली असते. मग ते साफ करायचे, आकाराने निवडायचे, एकेकाला भोक पाडायचं. पूर्वी हे भोक कांगारूच्या जबड्यातल्या दाताने पाडत. एका माळेपायी वर्ष निघून जातं. गोऱ्यांनी या लोकांचं जवळपास सगळं हिरावून घेतलं, पण फ्लिंडर्स आणि केप बॅरन बेटांकडच्या आयांनी लेकींना ही कला देणं थांबवलं नाही. एकोणिसाव्या शतकातली त्रुगानिनी ही या लोकांमधली सर्वांत प्रसिद्ध बाई; तिच्या जुन्या फोटोंत तिच्या गळ्यात अशाच माळा दिसतात. तिची मानली जाणारी एक माळ इंग्लंडमधल्या एक्झेटरच्या म्युझियमने १९९७ साली परत केली. आता समुद्र तापतोय, केल्पची, म्हणजे उंच समुद्री शेवाळाची जंगलं विरळ होतायत, चांगले शंखही मिळेनासे झालेत.

हे सगळं मला माहीत होतं हो! अडाणी असते तर निदान तेवढी तरी सबब होती.

घरी आल्यावर ऑनलाइन एका पेजवर माळ दिसली. ‘बेटावरच्या एका आंटीने बनवलेली.’ तिकडे वडीलधाऱ्या बाईला आदराने आंटी म्हणतात, त्यामुळे मी विरघळलेच. मेथीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारी मी, इथे एका डॉलरचीही घासाघीस केली नाही. वर्षभराच्या कष्टाचे पैसे कसे कमी करायला सांगायचे? चांगुलपणाच नडला.

आणि आता ती ओळ. मी विचारलं, थोडी लांब मिळेल का? दोन मिनिटांत उत्तर आलं: ‘तिन्ही लांबींमध्ये स्टॉक आहे.’

स्टॉक! वर्षाला एखादी होते ती माळ तीन मापांत तयार, साडीच्या दुकानातल्या परकरांसारखी. ती ओळ मी वाचली, वर अंगठाही दिला. नवऱ्याने तो स्क्रीनशॉट जपून ठेवलाय, भांडण झालं की काढतो. पुढे ‘आंटीकडे कार्ड मशीन नाही’ म्हणून पैसे थेट खात्यावर मागितले. खात्यावरचं नाव पुरुषाचं होतं. मला वाटलं, भाचा असेल.

असा भाचा दिसला की तिथेच थांबा. पैसे कार्डानेच द्या.

माळ आली. मी मालवणची, शंखशिंपल्यांच्या दुकानांसमोर वाढलेली, तरी पहिले दोन दिवस मिरवली. तिसऱ्या दिवशी मानेवर हिरवट वळ दिसला. ओला कापूस फिरवला तर कापूस हिरवागार, आणि खालून निघाला पांढरा, मेलेला शंख. भोकं बघितली: सगळी एकाच मापाची, गुळगुळीत, ड्रिलची. बनवणारीचं नाव आणि बेट लेखी मागा. खरी कारागीर किंवा मूलनिवासींनी चालवलेलं दुकान ते सांगायला कचरत नाही.

बँक म्हणाली, पैसे तुम्हीच पाठवलेत. पोलिसांनी ऑनलाइन फॉर्म भरायला लावून एक नंबर दिला, तो फ्रिजवर चिकटवलाय. पेज चालवणाऱ्या कंपनीला त्यात काहीच नियमबाह्य दिसलं नाही. ग्राहक कार्यालयात ४० मिनिटं होल्डवर ठेवून एका गोड आवाजाने सांगितलं की ते एकेकट्याचे वाद सोडवत नाहीत. शिवाय पेजवर ‘ॲबोरिजिनल स्टाइल’, म्हणजे मूलनिवासी धाटणीची, एवढंच लिहिलंय, ‘ॲबोरिजिनल लोकांनी बनवलेली’ असं नाही. आणि मेसेजमधली आंटी? ते तुम्ही फॉर्ममध्ये जोडा. जोडलं. तीन वेळा जोडलं.

याच देशात २०१९ साली इंडोनेशियात बनवलेल्या १८,००० हून अधिक वस्तू मूलनिवासींच्या म्हणून खपवणाऱ्या कंपनीला २३ लाख डॉलरचा दंड झाला. तोवर कंपनी दिवाळ्यात निघालेली, वसूल कुणाकडून करणार? खोटा माल नुसता विकणं गुन्हा नाही, तो खरा आहे असं भासवणं गुन्हा. ही मेख विकणाऱ्यांना पाठ असते, आपल्याला नसते. माझे पैसे गेलेच, पण त्या बेटावरच्या ज्या बाईच्या नावावर हे खपवलं, तिला यातलं काय मिळालं?

काल उगाच शोधलं. तीच माळ, तेच फोटो, पेजचं नाव नवीन. किंमत १,६५० डॉलर, टपाल फुकट.