स्लीप की वेट? रूबीची टेस्ट मधेच पडते तेव्हा

सांगलीत मार्केट यार्डाजवळच्या आमच्या ऑफिसात हळदीच्या सौद्याच्या वेबसाइटची टेस्ट (साइट आपोआप वापरून तपासणारी, रूबी भाषेतली स्क्रिप्ट) सकाळी पास, दुपारी फेल व्हायची. स्क्रिप्ट ‘भाव नोंदवा’ बटणावर क्लिक करून पुढे जायची, पण भाव नोंदलाच जायचा नाही.

स्लीप ५, म्हणजे ‘पाच सेकंद नुसतं थांब’ ही आज्ञा, टाकलं की तेवढ्यापुरतं भागतं. पण पान एका सेकंदात आलं तरी पाच जातातच. अशा ४० जागा म्हणजे २०० सेकंद नुसतं थांबणं. आणि नेट मंदावून सहा सेकंद लागले की टेस्ट पुन्हा पडते.

सेलेनियम म्हणजे स्क्रिप्टमधून ब्राउझर चालवणारं साधन. त्याचा वेट आपण दिलेली अट पूर्ण झाली का हे दर ०.२ सेकंदाने बघतो, झाली की लगेच पुढे. थांबण्याची मर्यादा सांगितली नाही तर ५ सेकंद. मी १५ देतो. अट मात्र नेमकी हवी. आमचं बटण दिसायचं, पण भावांची यादी येईपर्यंत बंद असायचं. गोम तिथेच होती! ‘दिसतंय का’ऐवजी ‘चालू आहे का’ तपासल्यावर टेस्ट सुरळीत झाली. (वॉटिर या रूबीच्या दुसऱ्या साधनात असं थांबणं अंगभूतच आहे, ३० सेकंदांपर्यंत.)

मी ठामपणे वेटच्या बाजूचा. स्लीप फक्त बिघाड शोधताना घालावा: त्याने टेस्ट पास झाली तर दोष बहुधा वेळेचा. मग काढून टाकावा.