जुना ड्रायसूट: दुरुस्त करू का रिटायर?

माझा ट्रायलॅमिनेट (तीन थरांच्या कापडाचा) ड्रायसूट, म्हणजे पाण्यात अंग कोरडं ठेवणारा सूट, १२ वर्षांचा झाला, नॉर्वेत नोकरीला होतो तेव्हा घेतलेला, थंडगार पाण्यात यानं लई साथ दिली. कोल्हापुरात आणल्यावर गळ्याचं लेटेक्स सील (पाणी आत येऊ न देणारी घट्ट रबरी पट्टी) चिकट झालं, पण सील बदलता येतं म्हणून टेन्शन नव्हतं. रविवारी गच्चीवर मनगटांत बाटल्या घालून, गळा बांधून हवा भरली आणि वरनं साबणाचं पाणी मारलं. एखाद्या शिवणीवर बुडबुडे आले असते तर गोंद लावून भागलं असतं भावांनो, पण दोन्ही पायांवर सगळीकडं बारीक फेस, म्हणजे कापडाच्या मधला, पाणी अडवणारा ब्यूटाइल रबराचा थरच गेलाय. तिथं नवीन सील टाकून उपयोग नाही. पितळी झिप मात्र अजून झकास! तिला मेण लावून सूट कपाटात ठेवलाय, टाकवत नाही.