लडाख सहलीचा स्वस्त कागद : पैसे भरण्याआधी बोट कुठे ठेवायचं

लडाखच्या नावावर पैसे घेऊन माणूस गायबच झाला, असं तुलनेनं कमी घडतं. बहुतेक वेळा विमानाचं तिकीट खरं निघतं, नावाची पाटी घेऊन ड्रायव्हरही उभा असतो. खिशाला कात्री लागते ती तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून. तोवर सगळी रक्कम देऊन झालेली असते आणि परत फिरायला रस्ता नसतो.

पुण्यातल्या बारा जणांच्या एका गटाला आयोजकानं दिलेला कागद, म्हणजे मार्ग, सोयी आणि दर लिहिलेलं पत्रक, नमुना म्हणून घ्या. जून महिना, माणशी २८,५०० रुपये. श्रीनगर, कारगिल, लेह, नुब्रा, पँगाँग, परत लेह आणि तिथून मुंबईचं विमान. गाडीच्या रकान्यात एकच ओळ : ‘संपूर्ण प्रवास एकाच टेम्पो ट्रॅव्हलरने.’ फसवणूक त्या ओळीतच होती. वाचणाऱ्याला मात्र ती सोय वाटली.

श्रीनगर ते लेह हे साधारण ४२० किलोमीटर अंतर काश्मीरची टॅक्सी तुम्हाला नेऊन सोडते. लेहपासून पुढे नुब्रा, पँगाँग वगैरे ठिकाणी प्रवासी फिरवण्याचा धंदा मात्र स्थानिक टॅक्सीवाल्यांचा. बाहेरच्या टॅक्सीला किंवा भाड्याच्या सेल्फ-ड्राइव्ह गाडीला ते पुढे जाऊ देत नाहीत. मनालीहून भाड्यानं आणलेल्या बुलेटचंही तेच. लेहला ती उभी करून तिथली बाईक घ्यावी लागते. स्वतःच्या नावावरची खासगी गाडी चालते. हा नियम योग्य की अयोग्य यावर वाद घालता येईल, पण या धंद्यातल्या प्रत्येकाला तो माहीत असतो. त्यामुळे ‘आम्हाला ऐन वेळी कळलं’ हे उत्तर ऐकून घ्यायचं कारण नाही. लेहमध्ये ड्रायव्हरनं हात वर केले, आयोजकानं फोनवर ‘युनियनची दादागिरी आहे, आम्ही काय करणार’ म्हटलं आणि स्थानिक गाड्यांचे माणशी सुमारे पाच हजार रुपये गटानं पुन्हा मोजले.

म्हणून पहिला प्रश्न हा विचारायचा : लेहच्या पुढची गाडी कुठल्या पासिंगची? पाटी एलएनं सुरू होणारी हवी; लेहच्या जुन्या गाड्यांवर जेके १० असतं. लेहची टॅक्सी युनियन ठरलेल्या दरांचा तक्ता काढते. तो मागवा, आपल्या मार्गाचं भाडं बघा आणि माणशी किती पडतं ते काढा. त्यात खोल्या, जेवण आणि विमान मिळवलं की सांगितलेला आकडा शक्य आहे की नाही, हे दहा मिनिटांत कळतं. खर्चापेक्षा स्वस्त सहल कुणी विकत नाही. उरलेले पैसे वाटेत काढले जातात.

दुसरी ओळ हॉटेलची. नावापुढे ‘अथवा समकक्ष’ असेल तर त्या नावाला काही अर्थ नाही. नेमकं नाव लिहून घ्या आणि हॉटेलचा नंबर आयोजकाकडून न घेता स्वतः शोधा. फोनवर तीन गोष्टी विचारा : बुकिंग कुणाच्या नावानं आहे, खोल्या किती, आणि पैसे किती जमा झालेत? तिसरा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. हॉटेलं ओळखीच्या एजंटला पैसे न घेताही ठराविक तारखेपर्यंत खोल्या धरून ठेवतात, आणि तेवढ्यावर एजंट सुबक व्हाउचर छापून देतो. तारीख उलटली की खोल्या दुसऱ्याला जातात. पँगाँगकाठच्या स्पांगमिक, मान, मेराकच्या तंबूंशी थेट संपर्क कठीण असतो, तेव्हा त्यांच्या लेहमधल्या माणसाशी बोला.

विमानाच्या तिकिटातही अशीच फट असते. एजंटनं पाठवलेल्या पीडीएफवर विसंबू नका. पीएनआर विमान कंपनीच्या संकेतस्थळावर टाकून बघा. तिथं तो दिसला तरी स्थिती ‘कन्फर्म्ड’ आहे ना, हे तपासा, कारण पैसे न भरता रोखून ठेवलेलं बुकिंगही काही काळ दिसतं. शिवाय तिकीट काढून, तुम्हाला दाखवून, मागाहून ते रद्द करता येतं आणि परतावा एजंटच्या खात्यात जातो. बुकिंगमध्ये संपर्कासाठी स्वतःचाच मोबाइल आणि ईमेल घालायला लावा, निघण्याच्या आठवड्यात पुन्हा तपासा. खरं तर विमान स्वतःच काढावं.

विमानानं थेट लेहला नेणाऱ्या सहलींत पैशांपेक्षा दिवसांची चोरी जास्त होते, आणि ती जिवावर बेतू शकते. लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. उतरल्यावर किमान ४८ तास विश्रांती हवी. स्वस्त कागदात मात्र पहिल्या दुपारी मॅग्नेटिक हिल आणि निम्मूचा संगम, दुसऱ्या सकाळी थेट खारदुंग ला. त्या खिंडीची उंची ५,३५९ मीटर. (गाजलेल्या पाटीवर कित्येक वर्षं १८,३८० फूट लिहिलेलं होतं, खरा आकडा १७,५८२.) विश्रांतीचा दिवस कापला की एका रात्रीचं भाडं वाचतं, इतकाच तो हिशोब. कुणी आजारी पडून मागे राहिला तर न वापरलेल्या दिवसांचे पैसे मिळत नाहीत. ‘ऑक्सिजन समाविष्ट’ या शब्दांनाही भुलू नका. दहा लिटरचा हाती धरायचा डबा मिनिटाला दोन लिटर वेगानं पाच मिनिटं पुरतो. गाडीत नळी-मास्कसह सिलिंडर आहे का, असंच विचारायचं.

हंगामाची थाप ओळखायला कॅलेंडर पुरतं. जर्दाळूचा बहर एप्रिलचा, आधी तुर्तुक, दाह-हनूसारख्या सखल गावांत आणि मग लेहकडे. त्याच सहलीत मनाली–लेह बाईकप्रवास जोडलेला असेल तर कागद तिथंच फाडा. ती वाट उघडण्याचा भरवसा एप्रिलमध्ये देता येत नाही. चादर ट्रेक, म्हणजे गोठलेल्या झांस्कर नदीवरची पायवाट, जानेवारी ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा. त्याआधी लेहमध्ये मुक्काम, तिथंच वैद्यकीय तपासणी आणि मग परवानगी, असा क्रम असतो. ‘उतरा आणि दुसऱ्या दिवशी बर्फावर’ म्हणणाऱ्यानं एकतर कधी ट्रेक नेलेला नाही किंवा तपासणीत नापास झालात तर पैसे बुडतील हे त्याला लपवायचंय. पूर्व लडाखमधल्या हानले गावाचं आकाश अप्रतिम आहे, पण मे २०२४ मध्ये तिथल्या कॅमेऱ्यांनी टिपलेला लाल प्रकाश, म्हणजे अरोरा, मोठ्या सौरवादळाचा होता. ‘हानले अरोरा टूर’ कुणी तारखेसह विकत असेल तर सूर्य त्याच्या पगारावर आहे का, एवढं विचारा.

नुब्रा, पँगाँगसारख्या सीमाभागात जाण्याच्या परवान्याच्या नावाखाली दोनदा वसुली होते, ती मात्र किरकोळ. लेह प्रशासनाच्या संकेतस्थळावर पर्यटकाच्या नावानिशी शुल्क भरलं जातं, पावती मागा.

यूपीआयनं पैसे देताना पडद्यावर येणारं नाव वाचा. संस्थेचं नाव एक आणि खातं भलत्याच व्यक्तीचं, तर थांबा. जीएसटी क्रमांक सरकारी पोर्टलवर टाकला की नोंदणीचं नाव, तारीख आणि ती चालू आहे की रद्द, सगळं दिसतं. रक्कम टप्प्यांत द्या : थोडा विसार, हॉटेलांना पैसे पोचल्याची खात्री झाल्यावर दुसरा हप्ता, उरलेले लेहमध्ये गाडी दारात आल्यावर. ‘आजच पूर्ण भरा, उद्या भाव वाढेल’ म्हणणाऱ्याला वाढवू द्या.

गटात किमान दोघांकडे पोस्टपेड सिम हवंच. महाराष्ट्रातलं प्रीपेड लडाखमध्ये चालत नाही. म्हणजे आयोजकाला फोन नाही, ओटीपी नाही, बँकेला कळवणंही नाही, आणि फसल्याचं कळतं ते नेमकं तिथंच. सोबत रोख ठेवा.

तिथं पुन्हा पैसे मोजायची वेळ आली तर पावती घ्या, आयोजकाचा नकार व्हॉट्सॲपवर लेखी मिळवा, मूळ कागद आणि न मिळालेल्या गाडी-खोलीचे फोटो ठेवा. पैसे घेऊन कुणी नाहीसाच झाला तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. रक्कम पुढे सरकायच्या आत खातं गोठवता आलं तरच ती हाती लागते. सेवा अर्धवट दिली असेल तर पोलीस बहुधा दिवाणी बाब म्हणून वाटेला लावतात. तेव्हा १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तिथं शुल्क नाही, मुदत दोन वर्षांची, आणि तक्रार स्वतः राहता त्या जिल्ह्यात करता येते. त्यासाठी लेहला किंवा आयोजकाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत.