थंडरबर्डचा जंक फिल्टर, दोन आंबा सीझन वापरल्यावर

आमचं देवगडला आंब्याचं आहे, थोडीच कलमं, पण सीझनला मुंबई-पुण्याला पेट्या जातात आणि जुनी गिऱ्हाइकं अजून मेलवरच ऑर्डर टाकतात. मेल आयडी वेबसाईटवर टाकला आणि कटकट सुरू झाली, रोज तेच, तुमची साईट गूगलवर पहिल्या पानावर आणतो, बिनतारण लोन घ्या, लॉटरी लागली. भाच्याने लॅपटॉपवर थंडरबर्ड टाकून दिलं, म्हणजे मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम. मोझिलाचं आहे, 2004 पासूनचं, आणि फुकट.

त्यात जंक फिल्टर असतो, नको ते मेल, म्हणजे जंक, ओळखून बाजूला काढणारा. हा फिल्टर आल्या आल्या हुशार नसतो, त्याला शिकवावं लागतं. नको तो मेल निवडून 'जे' दाबा, ज्वाळेचं चिन्ह लागतं. चांगला मेल चुकून जंकमध्ये गेला तर शिफ्ट धरून 'जे'. नुसता डिलीट केलात तर तो काहीच शिकत नाही, मी पहिले दोन महिने तेच करत होतो आणि वर फिल्टरलाच शिव्या घालत होतो.

आत काय चालतं तर मेलमधले शब्द सुटे करायचे, कुठला शब्द जंकमध्ये किती वेळा आला, चांगल्यात किती, ते मोजून ठेवायचं, आणि नवीन मेल आला की त्यावरून शक्यता काढायची. बेझ म्हणून एक इंग्लंडचा पाद्री होता 18व्या शतकात, त्याच्या गणितावर आहे हे. माझ्याकडे 'पेटी', 'डझन', 'पायरी' आलं की मेल बहुतेक खराच.

घोळ मीच घातला. नुसतं जंकच दाखवत गेलो, चांगलं काय ते कधी दाखवलंच नाही. आमच्या मांगरात नवीन पोरगं आलं की आत्या दोन आंबे हातात देते, ह्यो डागी, ह्यो बरो, दोन्ही दाखवते. मी अर्धंच शिकवलं, त्यामुळे अक्षय तृतीयेच्या आठवड्यात 'बेस्ट प्राइस, अर्जंट डिलिव्हरी' लिहिलेली सहा पेट्यांची खरी ऑर्डर चार दिवस जंकमध्ये कुजत पडली. त्यात खताच्या दुकानाच्या जाहिराती, ज्यांच्या यादीत माझं नाव मीच दिलेलं, कंटाळून जे जे जे केल्या, मग त्यांचं बिलही तिकडेच. तिथे अनसबस्क्राईब करायचं असतं हो, म्हणजे यादीतून नाव काढायचं, जंक नाही.

मग एका संध्याकाळी बसून पन्नासेक जुन्या ऑर्डरी शिफ्ट-जे केल्या, गिऱ्हाइकांचे पत्ते अ‍ॅड्रेस बुकात घातले आणि त्यातल्यांना जंक धरू नको ही सेटिंग टिक केली. तेव्हापासून गाडी रुळावर आहे.

आंबा वरून चांगला आणि आत खराब निघतो तो साका, तसला मेल मात्र याला नेहमी कळेलच असं नाही. वरून एकदम बँकेचा वाटणारा, शब्दही सगळे सभ्य, आणि आत लिंक खोटी, असा मेल सुटू शकतो. नुसता फोटो चिकटवलेला असला तरी मोजायला शब्द कुठून आणणार?

शिकवलेलं सगळं त्याच लॅपटॉपवर राहतं, दुकानातल्या कॉम्प्युटरवर थंडरबर्ड टाकलं तर पहिल्यापासून परत शिकवणी. जीमेलमध्ये स्पॅम रिपोर्ट केलं तर ते गूगलला कळतं, तो कारभार वेगळा.

पाचपैकी चार. एक कापला तो दुकानात परत शिकवत बसावं लागलं म्हणून. बाकी एप्रिल-मेमध्ये जंक फोल्डर रोज रात्री चाळतो, पावसाळ्यात आठवड्यातून एकदा, तेही लाईट असेल तर.