क्लोरीन आणि आरगॉन : शेजारी असूनही परस्परविरोधी

आवर्तसारणीत क्लोरीन 17व्या आणि आरगॉन 18व्या गणात, म्हणजे अगदी शेजारी आहेत. तरीही क्लोरीनला बाह्यतम कवचातील 7 इलेक्ट्रॉनांत एकाची भर हवी असल्याने तो बहुतेक मूलद्रव्यांशी संयोग पावतो, तर आरगॉनचे अष्टक, म्हणजे बाह्यतम कवचातील 8 इलेक्ट्रॉन, पूर्णच असल्याने तो सहसा कशाशीही संयोग पावत नाही.

कृष्णेचा पूर ओसरला की सांगली परिसरातील गावांत पिण्याच्या पाण्यात टीसीएल पावडर (क्लोरीन देणारी ब्लीचिंग पावडर) मिसळली जाते, तेव्हा तयार होणारे हायपोक्लोरस आम्ल जिवाणूंचे ऑक्सिडीकरण करून त्यांना मारते. अर्ध्या तासाने नमुन्यात ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकताच पिवळा रंग आला, तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. ही साधी चाचणी प्रत्येक गावात अनेकांना करता यायलाच हवी, असे मला मनापासून वाटते.

या कामी आरगॉन निरुपयोगी आहे. मात्र कुपवाडसारख्या औद्योगिक वसाहतीत स्टेनलेस स्टीलचे वेल्डिंग करायचे असेल, तर वितळलेल्या धातूला हवेतील ऑक्सिजनपासून वाचवण्यासाठी तोच योग्य, कारण क्लोरीन धातूलाच खाऊन टाकील. तरीही आरगॉनला निर्धोक मानू नये : बंद टाकीत तो ऑक्सिजनची जागा घेऊन माणसाला गुदमरवतो, आणि क्लोरीनसारखा उग्र वास नसल्याने धोक्याची सूचनाही मिळत नाही.